आमच्या नुकसानीचा पंचनामा कोण करणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या मंगळवारी रात्री साडेदहाला माझ्या चुलत जावेचा फोन आला. तिच्या सासऱ्यांचा बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडलाय, ऑपरेशन झालंय, आता घरी आणायचं आहे, आणि घरात सगळ्यांनी मिळून ठरवलंय की तिनं नोकरी सोडायची. ती एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, पगार सोळा हजार. मला म्हणाली, ताई तुम्ही सगळं केलंय, तुम्हीच सांगा, देऊ का राजीनामा? मला पटकन काही बोलताच येईना. सांगते म्हणलं आणि फोन ठेवला, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तिला जे सांगायचं होतं ते मनात एवढं लांबत गेलं की वाटलं हे एकटीला सांगून भागणार नाही, म्हणून तुमच्या पेपरला लिहायला बसले. पत्र मोठं झालंय, शक्यतो कापू नका एवढी विनंती.

आम्ही सांगलीचे, गावभागातले. फेब्रुवारी २०१८ ला माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणं गेलं, गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. बावीस दिवस दवाखान्यात होत्या. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनी पाच मिनिटांत दाखवलं की नळीतून फीड कसं द्यायचं, देताना डोकं किती वर ठेवायचं, युरिन बॅग कशी रिकामी करायची, दर दोन तासांनी कूस बदलायची नाहीतर बेडसोर होतात. हे सगळं मला दाखवलं. ह्यांना नाही, भाऊजींना नाही, नणंदेला नाही, आणि तिघंही तिथंच कॉटभोवती उभे होते हो. सिस्टरला मी दोष देत नाही, तिनं आल्या आल्या विचारलं सून कोण, आणि सुनेला दाखवलं.

त्याच संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये बैठक बसली. मी तेव्हा एका कारखान्याच्या अकाउंट्सला होते, डिसेंबर २००९ पासून, पगार १९,५००. पेशंट सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोला फोन करून विचारलं तर बारा तासाच्या बाईचे दिवसाला सातशे, म्हणजे महिना २१,०००. भाऊजींनी मोबाईलवर गुणाकार करून दाखवला की वहिनी, तुमच्या पगारापेक्षा बाईच महाग पडतीय, मग नोकरीचा उपयोग काय. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, आणि आठवड्यात मी राजीनामा दिला.

मी दिवसभर व्हाउचर आणि लेजर बघणारी बाई, पण त्या हिशोबातली चूक मला तेव्हा दिसली नाही, पुढं तीनेक वर्षांनी एका रात्री पेजेचं भांडं घासताना दिसली. ते २१,००० फक्त माझ्या पगारासमोर मांडले होते. आई कुणाची? तिघांची. तिघांत सात-सात हजार आले असते आणि तिघांनाही ते झेपणारे होते, पण तो भागाकार त्या दिवशी कुणीच केला नाही, गुणाकारावरच थांबले सगळे. आणि दुसरी चूक म्हणजे माझा पगार त्यांनी फक्त त्या महिन्याचा धरला. पगार म्हणजे नुसते हातात येणारे १९,५०० नसतात. त्यात प्रॉव्हिडंट फंड असतो, दरवर्षीची वाढ असते, आणि फंडातली पेन्शन मिळायला किमान दहा वर्षं नोकरी लागते, माझी झाली होती आठ वर्षं दोन महिने. दोन वर्षं कमी पडली म्हणून म्हातारपणीची पेन्शन गेली, जे काय साठलं होतं ते काढून घेतलं. ग्रॅच्युइटीचे पंचावन्न हजार आले त्यात डोक्याकडनं वर करता येणारा फाउलर बेड, एअरबेड, व्हीलचेअर आणि कमोडची खुर्ची आली.

सासूबाई ऑगस्ट २०२४ ला गेल्या. अठ्ठ्याहत्तर महिने. एक रुपयाची वाढ न धरता गेलेला पगार होतो १५,२१,०००. फंडातली कंपनीची भर महिना १,४४० धरली तर आणखी एक लाख बारा हजार. हे आकडे मी कुणाकडं मागायला मांडत नाहीये. पण साडेसहा वर्षात आमच्या घरात, नात्यात, कुणाच्याही तोंडून हा आकडा एकदाही निघाला नाही, आणि त्याचं मला आता फार वाईट वाटतं.

एक आधी सांगायला पाहिजे. सासूबाईंचं मी नाइलाजानं केलं असं कुणी समजू नका. त्यांना आम्ही आईच म्हणायचो. २००९ ला मी नोकरीला लागले तेव्हा माझा धाकटा तीन वर्षाचा होता, त्याला त्यांनीच सांभाळला, डबा भरून दिला, शाळेतून आणला, माझी आठ वर्षांची नोकरी त्यांच्या जिवावर झाली. आणि त्यांचा स्वतःचा शिवणाचा क्लास होता लग्नानंतर, तो त्यांनी बंद केला कारण त्यांचे सासरे अंथरुणाला खिळले. मशीन अजून माळ्यावर आहे. म्हणजे त्यांनी एकदा सासऱ्यांसाठी आपलं काम सोडलं, मग नातवंडांसाठी त्या घरात थांबल्या म्हणून मी बाहेर पडले, आणि मग मी त्यांच्यासाठी घरात आले. तीन पिढ्यांत घरातल्या एकाही पुरुषाच्या हजेरीपटावर याची एक गैरहजेरी लागलेली नाही.

लोकांना वाटतं म्हाताऱ्या माणसाचं करायचं म्हणजे काय, जेवायला द्यायचं, गोळ्या द्यायच्या. तर सांगते. सकाळी पाचला पहिलं फीड. मऊ भात, मुगाची डाळ, थोडं तूप, मिक्सरला लावायचं, चाळणीनं गाळायचं, गाठ राहिली की नळी तुंबते. आधी सिरिंजनं ओढून बघायचं की मागचं पचलंय का, मग दोनशे मिली हळूहळू सोडायचं, घाई केली की ठसका, ठसका लागला की छातीत जायची भीती, मग पाणी सोडून नळी धुवायची, अर्धा तास पाठ उंच ठेवायची. असं दिवसातून सहा वेळा. मधे कूस बदलायची, डायपर, स्पंजिंग, पावडर, टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघायचं लाल तर झालं नाही ना. एकदा झालं. मी दोन दिवस तापानं पडले होते, तेवढ्यात माकडहाडापाशी रुपयाएवढं लाल झालं, चौथ्या दिवशी कातडी गेली आणि ते भरून यायला पावणेतीन महिने लागले. रोज ड्रेसिंग. डॉक्टर म्हणाले कूस बदलायला हयगय झाली असणार. त्यांचं बरोबरच होतं, पण मी तिथं उभ्या उभ्या रडले. रात्री मोबाईलवर बाराचा, दोनचा, चारचा गजर. पहिली पाच वर्षं मी सलग तीन तास झोपले असेन तर त्या मे महिन्यातले आठ दिवस, जेव्हा नणंद इस्लामपूरहून दरवर्षी यायची आणि मला म्हणायची वहिनी तू वर जाऊन झोप. तिचे उपकार मी विसरणार नाही.

साठ किलोचं माणूस एकटीनं उचलून उचलून माझ्या कमरेची चकती सरकली, उजवा खांदा आखडला. माझी पाळी जायची वर्षं यातच कधी सुरू झाली आणि कधी संपली कळलं नाही, घाम फुटायचा, छातीत धडधडायचं, वाटायचं जागरणानं होतंय. स्वतःसाठी डॉक्टरकडं जायचं तर घरात कुणाला बसवायचं हाच प्रश्न.

आता पंचनाम्याचं. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको, कृष्णेच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटाच्या वर गेलं होतं. आमचं घर तळमजल्याचं. पाणी अंगणात आलं तेव्हा ह्यांनी आणि शेजारच्या पोरांनी सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन ओढण्यांनी बांधलं, खुर्ची उचलून बोटीत ठेवली, मी एका हातात युरिन बॅग खाली धरलेली कारण वर गेली की लघवी उलटी जाते, दुसऱ्या हातानं त्यांच्या नाकातली नळी धरलेली, आणि पिशवीत मिक्सरचं भांडं. बाकी घरातलं काय काय राहिलं ते मला विश्रामबागला मामेसासऱ्यांकडं पोचल्यावर आठवलं. पाणी उतरल्यावर तलाठी आले, पंचनामा झाला. फ्रीज, दिवाण, गाद्या, कपाट, धान्य, सगळं ओळीनं लिहून घेतलं, त्यांनी माणुसकीनं विचारलं, आणखी काय नुकसान आहे का बघा ताई. मी म्हणलं नाही. पण ते विचारणं माझ्या डोक्यात राहिलं. भिजलेल्या गादीचीसुद्धा नोंद होते आपल्याकडं. माझ्यासारख्या लाखो बाया दरवर्षी पगार, फंड, पेन्शन, पाठ, झोप असं सगळं घालवून बसतात आणि त्याची नोंद करायला कुठला कागदच नाही.

आणि पैशात न बसणारं एक सांगते, ते सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. माझी आई कवठेमहांकाळला असायची. २०२१ ला तिची किडनी बिघडली, माझी वहिनी तिला आठवड्यातून दोनदा एसटीनं मिरजेला डायलिसिसला आणायची. मिरज सांगली म्हणजे काय अंतर आहे हो, अर्धा तास. पण फीडच्या वेळा, डायपर, कूस, मी चार महिन्यात तिला तीनदा भेटले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती म्हणाली जा आता, तिकडं वेळ झाली असेल. गेली तेव्हा मी जवळ नव्हते, तोंड बघायला पोचले. मी नवऱ्याच्या आईचं केलं, माझ्या आईचं माझ्या वहिनीनं केलं, आणि वहिनीची आई तिकडं जतला तिच्या भावजयीच्या हातात. प्रत्येकीनं दुसरीच्या आईचं केलं आणि स्वतःच्या आईपाशी एकीलाही बसता आलं नाही. हे कुणी ठरवलंय? आपल्या मुलाला आपल्या आईचं डायपर बदलता येत नाही हे आपण कधी ठरवलं? आमच्या ह्यांनी शेवटची दीड वर्षं रात्रीचं दोनचं फीड स्वतःवर घेतलं, मी हट्टच धरला तेव्हा, आणि आठ दिवसात शिकले, उत्तम करायचे. म्हणजे जमतं. शिकायला कुणी लावलं नव्हतं एवढंच.

मधे चार महिने आम्ही बाई ठेवली होती, माझी कंबर पूर्ण धरली होती तेव्हा. आम्ही ब्युरोला दिवसाला सातशेच द्यायचो, कितीतरी घासाघीस करून तोच रेट ठेवला होता, आणि त्यातले मावशीच्या हातात पडायचे साडेचारशे. एकदा बोलता बोलता कळलं की मावशीची स्वतःची सासूसुद्धा घरी पडून आहे, आणि तिचं करायला मावशीची चौदा वर्षाची पोरगी नववीतनं घरी बसलीय. मी ऐकत राहिले. माझ्या कमरेला विसावा मिळाला तो त्या पोरीच्या शाळेतनं मिळाला होता. मावशीला मी पोरीला शाळेत घाल म्हणून सांगितलं, पुस्तकं घेऊन दिली, पण तिच्या सासूपाशी कोण बसणार याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं आणि आजही नाहीये. म्हणून कुणी म्हणालं की पैसे असतील तर बाई ठेवा, प्रश्न सुटला, तर मला ते पटत नाही. तो ओझ्याचा हारा गरीब बाईच्या डोक्यावर जातो, आणि तिच्याकडनं तिच्या पोरीच्या.

केंद्र सरकारनं २०२४ ला टाइम यूज सर्व्हे केला, दिवसाचा वेळ कोण कशात घालवतं त्याचा. त्यात जे ही कामं करतात त्यांच्यातल्या बायकांची घरकामात रोजची २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८. घरातल्या माणसांचं करण्यात, म्हणजे पोरं, म्हातारे, आजारी, बायका १३७ मिनिटं आणि पुरुष ७५. आधीचा सर्व्हे २०१९ चा होता, त्यात घरकामाला पुरुषांची ९७ मिनिटं होती, म्हणजे पाच वर्षांत वाढायच्या ऐवजी कमीच झाली. आणि ही सरासरी आहे, अंथरुणावरचा पेशंट ज्या घरात आहे तिथं १३७ मिनिटं सकाळी आठच्या आतच संपतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२४ ला सांगितलं की घरातल्यांचं करायचं म्हणून कामधंद्याच्या बाहेर असलेल्या बायका जगात ७० कोटी ८० लाख आहेत आणि पुरुष ४ कोटी. हे आकडे मी लेकाकडनं शोधून घेतले, आणि वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं की मी एकटी मूर्ख ठरले नव्हते.

कायद्याचं बघा. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर टाकलीय, महिना दहा हजारापर्यंत पोटगी मिळते. सुनेचं नाव त्या व्याख्येत नाही. वारसा कायद्यातही नाही, सासूबाईंच्या नावावरचं घर तीन मुलांचं झालं, ते बरोबरच आहे, नणंदेनं तर मागितलंही नाही, हक्कसोड करून दिली. पण जिनं केलं ती ना जबाबदारीच्या कागदावर ना हक्काच्या. इन्कम टॅक्सचंही तेच. सासूबाईंचा अपंगत्वाचा दाखला मी काढला, तीन चकरा मारून, व्हीलचेअर रिक्षात घालून, आणि त्यावर सव्वा लाखाची वजावट ह्यांना मिळाली, कारण टॅक्स भरणारे हे. माझं उत्पन्नच नव्हतं तर मला सूट कशाची मिळणार. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२१ ला एका अपघाताच्या दाव्यात स्पष्ट म्हणलं की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला किंमत आहे आणि भरपाई काढताना तिचं उत्पन्न धरलं पाहिजे. फार चांगलं झालं. पण त्याचा उपयोग बाई अपघातात मेल्यावर नाहीतर जायबंदी झाल्यावर आहे. धडधाकट असताना तिच्या कामाची किंमत कुठल्या खात्यात धरायची?

रजेचंही असंच आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बायकांना मुलांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आपल्या राज्य सरकारनं २०१८ ला १८० दिवसांची दिली. चांगलं आहे. पण मुलं मोठी होतात आणि बाई पंचेचाळीसची होते तेव्हा घरात दोन-दोन म्हातारी माणसं असतात, आणि प्रायव्हेट नोकरीत त्यांच्यासाठी हक्काची अशी रजा नाही, राजीनामाच आहे. मला त्या वेळी तीन महिने बिनपगारी मिळाली असती आणि परत घेतील याची खात्री असती, तरी मी वेगळी व्यवस्था लावू शकले असते. साहेब चांगले होते, पण म्हणाले मार्च एंड आहे, मी तरी काय करू.

आपल्याकडं दवाखान्यात अ‍ॅडमिट असेपर्यंत महात्मा फुले योजना आहे, आता सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं कार्डही आहे, पाच लाखापर्यंत. पण पेशंट घरी आला की पुढची सहा वर्षं कुणाची? डायपर, नळी, कॅथेटर, फिजिओथेरपी हे सगळं घरावर. केरळनं २००८ ला पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करायचं, धोरण केलं, तिथं पंचायतीच्या मार्फत नर्स अंथरुणावरच्या पेशंटच्या घरी येते, कॅथेटर बदलते, जखम बघते, घरच्यांना शिकवते. शिवाय आश्वासकिरणम म्हणून योजना आहे, जी घरी बसून करते तिच्या नावानं महिना ६०० रुपये. सहाशे म्हणजे डायपरच्या दोन पाकिटांचे सुद्धा होत नाहीत, पण त्यात करणारीचं नाव तरी आहे. जर्मनीत तर १९९५ पासून यासाठी वेगळा विमाच आहे आणि घरी करणाऱ्या माणसाच्या पेन्शनची वर्गणी त्यातून भरली जाते. मला जर्मनी नको, मला आमच्या नागरी आरोग्य केंद्रातली सिस्टर महिन्यातून दोनदा घरी आलेली पुरे होती. लॉकडाऊनमध्ये फिजिओथेरपीवाला बंद झाला तेव्हा आमची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा सेविका, स्वतःहून दारात यायची, मास्कमधनं विचारायची, आजी कशा आहेत, आणि तुम्ही कशा आहात? साडेसहा वर्षात हा दुसरा प्रश्न विचारणारी बाहेरची ती एकटीच.

आपल्याकडं योजनेचं नाव श्रावणबाळ. पासष्टीच्या पुढच्या गरीब म्हाताऱ्यांना महिना दीड हजार मिळतात, चांगली योजना आहे, आमच्या बोळातल्या दोघींना त्याचा आधार आहे. पण श्रावणबाळ मुलगा होता, कावड त्याच्या खांद्यावर होती. पुंडलिक मुलगा होता, आईबापाचे पाय चेपताना देवाला विटेवर थांबवलं त्यानं. ह्या गोष्टी आपण पोरांना सांगतो आणि काम मात्र सुनांना देतो.

सासूबाई गेल्यावर महिला मंडळानं मला शाल-श्रीफळ देऊन आदर्श सून म्हणून सत्कार केला. त्यांनी मनापासून केला, मी मनापासून घेतला. त्याच आठवड्यात मी एका ठिकाणी मुलाखतीला गेले. समोरचा मुलगा माझ्या लेकाच्या वयाचा, म्हणाला मॅडम २०१८ नंतर काय केलंत? मी म्हणलं घरी पेशंट होता. म्हणाला हो पण काम काय केलंत? मी नोकरी सोडली तेव्हा जीएसटी येऊन आठ महिने झाले होते, पहिली रिटर्नं मी माझ्या हातानं भरली होती, पण ई-वे बिल माझ्या मागं सुरू झालं, ई-इन्व्हॉइस मला माहीतच नाही, टॅलीसुद्धा बदललंय. त्यानं फोन करतो म्हणलं. आता मी एका हार्डवेअरच्या दुकानात अर्धा दिवस जाते, नऊ हजारावर. मालक शिकवतात, मी शिकतीय, वर्षभरात जमेल सगळं. पण २०१८ ला १९,५०० वर होते ती बाई आज नऊ हजारावर आहे आणि पेन्शनचा काटा परत शून्यावर. पन्नाशीला टेकलेय मी. मला माझ्या म्हातारपणाची काळजी वाटते हो. माझ्या सुनेनं, येईल तेव्हा, माझ्यासाठी नोकरी सोडावी असं मला अजिबात वाटत नाही, मग माझं कोण करणार आणि कशाच्या पैशावर, हे आजच ठरवायला लागणार आहे.

तर जावेला मी काय सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणलं, राजीनामा देऊ नको. खुब्याचं ऑपरेशन झालेलं माणूस बऱ्याचदा दोन-तीन महिन्यात वॉकर धरून चालायला लागतं, आणि राजीनामा कायमचा असतो. तुझ्या डॉक्टर मॅडमकडं दोन महिने बिनपगारी माग, नाही तर अर्धा दिवस माग. फंड कापत असतील तर तो तुटू देऊ नको, तुझी सात वर्षं झालीत, दहा होऊ देत. फिजिओथेरपी कशी करून घ्यायची ते डिस्चार्जच्या दिवशी तुझ्या नवऱ्याला समोर उभं करून शिकव म्हणावं सिस्टरला, तू मागं उभी राहा. आणि दिराला, नणंदेला सगळ्यांना बसवून कागदावर लिहा, पैसे कुणी किती द्यायचे, रात्री कुणी कधी थांबायचं, आणि तू जे तास देणार आहेस त्याचे पैसे तुझ्या नावावर फंडासारखे दर महिन्याला टाकायचे, तुझ्या खात्यात, घरखर्चाच्या नाही. ती म्हणाली ताई, असं पैशाचं बोलले तर लोक काय म्हणतील, सासऱ्यांचे पैसे घेते म्हणतील. मी म्हणलं, म्हणू देत. मला कुणी काहीच म्हणलं नाही, सगळे चांगलंच म्हणले.

माझ्याकडं एक दोनशे पानी वही आहे. सासूबाईंच्या आजारपणाचा सगळा हिशोब त्यात आहे, २ मार्च २०१८ पासून, डायपर, ग्लोव्हज, सिरिंज, औषधं, रिक्षा, ब्युरोचे पैसे, भाऊजींनी पाठवलेले पैसे तारखेसकट. सवयच होती. मागच्या आठवड्यात ती वही काढून मी शेवटच्या कोऱ्या पानावर माझा हिशोब लिहिला, पगार, फंड, पेन्शन, चकतीच्या एमआरआयचे, सगळं. खाली एकूण करून रेघ मारली आणि ते पान ह्यांना वाचायला दिलं. ह्यांनी दोनदा वाचलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हे तेव्हाच त्या बैठकीत मांडायला पाहिजे होतं.

जावेच्या घरी रविवारी अकरा वाजता सगळे जमणार आहेत. तिनं मलाही बोलवलंय, हेही येतायत. वही मी पिशवीत घालून ठेवलीय.

आपली,
एक वाचक, सांगली